दोन कॅलक्युलेटर

“आणि तुला उघडता येईल?” चौगुले वहिनींनी विचारलं.

मी हसून म्हणाले, “मला कसं येईल? पिन तुम्ही घातलाय. मी तर तोंड फिरवून बसले होते.”

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. पिन विसरला तर म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये टाकलेलं ॲप एक प्रश्न विचारून ठेवायचं. वहिनींनी त्यातला ‘शाळेतली पहिली मैत्रीण’ हा प्रश्न निवडला होता. उत्तर टाइप करताना त्यांचं बोट सारखं चुकीच्या अक्षरावर पडत होतं. शेवटी त्यांनी मला नाव सांगितलं आणि मी ते टाइप केलं. नसीम. त्यामुळे उघडायचंच म्हटलं असतं तर मला उघडता आलं असतं. पण गिऱ्हाइकाला एवढं कोण सांगत बसतं?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजच्या बाजारात आमचं लहानसं दुकान होतं. अर्ध्या भागात अप्पा डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे, अर्ध्या भागात मी मोबाइल. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बाई दुरुस्ती करते म्हटल्यावर बायका माझ्याकडे मोकळेपणानं यायच्या. कुणाला फोटो लपवायचे असायचे, कुणाला माहेरच्या ग्रुपवरचं बोलणं. मी कधी का म्हणून विचारत नसे.

वहिनींना दिलेलं ॲप दिसायला साधा कॅलक्युलेटर होता. बेरीज-वजाबाकीही करायचा. ठरलेला आकडा दाबला की मात्र आतला कप्पा उघडायचा. त्यात फोटो ठेवा, आवाज ठेवा, काहीही लिहून ठेवा, बाहेरून कुणाला पत्ता लागायचा नाही.

“सर रोज संध्याकाळी फोन बघतात,” वहिनी म्हणाल्या होत्या. “सवय आहे त्यांची.” रोज संध्याकाळी चहा घेतात, अशा सुरात.

सर म्हणजे दिनकर चौगुले. ज्युनिअर कॉलेजला मला फिजिक्स शिकवायला होते. बारावीनंतर अप्पांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली, तेव्हा सर आपण होऊन आमच्या घरी आले. दोन तास बसले आणि मला कोल्हापूरला डिप्लोमाला पाठवायचं कबूल करून घेऊनच उठले. ते आले नसते तर एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं असतं. आवाज न चढवता शिकवणारा माणूस. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची.

म्हणून वहिनी गेल्यावर मला वाटलं, यांचं कुणाशी तरी काहीतरी असणार. सरांची दया आली, आणि कबूल करते, थोडी गंमतही वाटली.

पंधरा दिवसांनी सर आले. अप्पांकडे त्यांचं किल्लीचं जुनं घड्याळ दुरुस्तीला होतं. ते अजून व्हायचं होतं, तरी सर बसले. अप्पांनी चहा मागवला. सरांनी आजऱ्याच्या रस्त्याला मळा घेतल्याचं अप्पांना सांगितलं. एकदा बघायला या म्हणाले. जुनी विहीर आहे, भर उन्हाळ्यातही काठोकाठ पाणी, फक्त कठडा ढासळलाय, तो बांधून घ्यायचाय. मग माझ्याकडे वळून त्यांनी कॉलेजात विचारायचे तसा प्रश्न विचारला.

“तेजस्विनी, एका फोनमध्ये दोन कॅलक्युलेटर कशाला लागतात?”

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मी म्हणाले, एक फोनसोबत येतो आणि दुसरा कुणीतरी डाउनलोड करतं, लहान मुलं काहीबाही टाकत असतात.

“आमच्या घरात मुलं नाहीत,” सर म्हणाले आणि कपातला उरलेला चहा संपवला.

जाता जाता त्यांनी अप्पांना हळूच सांगितलं की बायकोला, उज्ज्वलाला, कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. तिला भास होतात, लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, वस्तू लपवते. कुठं बोलू नका. अप्पांना फार वाईट वाटलं. इतक्या सज्जन माणसाच्या वाट्याला हे यावं, असं दिवसभर म्हणत राहिले. मीही ते खरं मानलं. आणि माझ्या मनावरचं ओझं थोडं हलकंही झालं, कारण आता वहिनींनी काय लपवलंय याला काही अर्थ उरला नव्हता.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला सर पुन्हा आले. अप्पा जेवायला घरी गेले होते. बाजार सुस्तावलेला. सरांनी खिशातून वहिनींचा फोन काढून काचेवर ठेवला आणि स्टूल ओढून बसले.

“हा दुसरा कॅलक्युलेटर उघडायचाय.”

मी म्हणाले, पिन ज्यांनी घातलाय त्यांनाच येईल.

“हा कॅलक्युलेटर तिनं तुझ्याकडूनच टाकून घेतलाय. बारा तारखेला, साडेअकराला. पलीकडच्या औषधाच्या दुकानातून मी बघत होतो.” आवाजात राग नव्हता. “तुझी चूक नाही. तुला तिच्या आजाराचं माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

मी फोन हातात घेतला. बघते म्हटलं, आणि स्क्रीन माझ्याकडे राहील असा धरला. आजारी बाईच्या भल्याचंच आहे, असं मी मनाशी म्हटलं. हे ज्यांनी मला शिकायला पाठवलं ते सर आहेत, असंही. ‘पिन विसरलात?’वर बोट ठेवलं. शाळेतली पहिली मैत्रीण. नसीम. कप्पा उघडला.

आत फोटो होते. दंडाचे, पाठीचे, मानेच्या मागच्या बाजूचे. काळेनिळे, काही पिवळे पडत आलेले. प्रत्येक फोटोत शेजारी दिनदर्शिकेचं फाडलेलं पान धरलेलं होतं, तारीख नीट दिसेल असं. फोटोंखाली आवाजाच्या फाइली, वीस-पंचवीस तरी. सगळ्यात खाली एकच लिहिलेली नोंद होती, दोन दिवसांपूर्वीची. ती मी वाचली. आजही तशीच्या तशी आठवते.

‘गुरुवार. आज पुन्हा मळ्यात नेलं. विहिरीच्या काठावर उभी राहून पाणी बघ म्हणाले. मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत आहे. मी आपण होऊन विहिरीकडे कधीही जाणार नाही. मला काही झालं तर हे वाचावं.’

सर समोर दोन हातांच्या अंतरावर बसले होते. माझ्या चेहऱ्याकडे बघत असणार, म्हणून मी मान वर केली नाही. पहिल्यांदा सुचलं ते बोलून गेले.

“उघडत नाही, सर. जबरदस्तीनं उघडायचं तर फोन फॉरमॅट मारावा लागेल. त्यात आतलं सगळंच जाईल. बघायला काहीच मिळणार नाही.”

मला वाटलं, हे ऐकून ते फोन उचलून निघून जातील.

“मग तेच कर,” सर म्हणाले. “मला बघायचं नाही. आत काय आहे मला माहीत आहे.”

मी कप्पा बंद केला आणि फोन काचेवर उलटा ठेवला.

“हे दुसरीकडे कुठं जातं का आपोआप? इंटरनेटवर वगैरे?”

“नाही. फोनमध्येच राहतं.”

“छान. फोन फोडला तरी आतलं काढता येतं असं मी वाचलंय. तू पुसलंस की माझी खात्री होईल.”

तेव्हा मला कळलं की माझ्याच तोंडानं मी त्यांना हवं ते देऊन बसले. नाही म्हटलं तर ते दुसऱ्या दुकानात जातील. तिथला कुणीही पाच मिनिटांत पुसून देईल. मी म्हणाले, आधी कॉम्प्युटरला जोडून फोनचं मूळ सॉफ्टवेअर भरावं लागतं, अर्धा तास तरी लागेल, तुम्ही फिरून या.

“बसतो की,” सर म्हणाले.

मी केबल लावली. त्या वेळच्या असल्या ॲपांचं कुलूप तोंडापुरतंच असायचं. फाइली फोनच्या पोटात एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पडून असायच्या. मी ते फोल्डर शोधून दुकानाच्या कॉम्प्युटरवर ओढलं. हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. फाइलींची नावं दिसू नयेत म्हणून खिडकी लहान केली.

सर बोलत होते. माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलची आठवण काढली. मी चुकीची जोडणी करून गॅल्व्हानोमीटर जाळला होता आणि त्यांनी परीक्षकांना तो आधीच बिघडलेला होता असं सांगून मला वाचवलं होतं. “तुझा हात त्या दिवशीही असाच कापत होता,” ते म्हणाले. मी माउसवरचा हात घट्ट केला. पट्टी साठ टक्क्यांवर होती.

त्यांनी विचारलं, सॉफ्टवेअर आत जातंय की काही बाहेर येतंय? मी म्हणाले, आत जातंय. ते उठले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या शर्टाला खडूचा वास होता. ऐंशी झाले. पंच्याऐंशी. मला माझ्या मानेच्या मागे त्यांचा श्वास जाणवत होता, आणि त्या फोटोंतली मान डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

ब्याण्णवला त्यांनी हात पुढे केला आणि केबल काढली. अगदी हलकेच, प्रयोग झाल्यावर वायर काढावी तशी.

“पुरे. आता माझ्यासमोर पूस.”

मी पुसलं. माझ्याच बोटांनी. फोन बंद होऊन चालू झाला आणि नव्या फोनसारखा भाषा कोणती ते विचारायला लागला. सरांनी तो उलटसुलट करून बघितला, खिशात टाकला.

“उद्या रविवार,” दुकानाची पायरी उतरताना ते म्हणाले. “हिला मळ्यावर घेऊन जातोय. जरा हवापालट. अप्पांना सांग, घड्याळाची घाई नाही.”

अप्पा आले तेव्हा मी शटरपाशी उभी होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मलाच बोल लावले. दुसऱ्याच्या घरात डोकवायची तुला काय गरज होती, आजारी बाई काय वाटेल ते लिहील, त्या माणसानं तुझ्यासाठी काय केलंय ते विसरलीस काय. मी वाद घातला नाही. आलेल्या फाइलींतली हाताला लागली ती एक लावली.

सुरुवातीला नुसतं भांड्यांचं वाजणं. मग सरांचा आवाज, वर्गातला तोच, शांत. “मी एकदा सांगितलेलं परत सांगत नाही.” मग एक आवाज, तो मी इथं लिहीत नाही. मग पुन्हा सर. “आता सांग, चूक कुणाची?”

“माझी.”

“मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे.”

“माझी,” वहिनी मोठ्यानं म्हणाल्या.

अप्पांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. आल्या आल्या सवयीनं लावलं होतं, त्यांच्या लक्षात नव्हतं. दुसरी फाइल लाव म्हणाले नाहीत. भिंग टेबलावर ठेवलं आणि स्वतः उठून शटर ओढलं. साडेचार वाजले होते. दिवसाउजेडी शनिवारचं दुकान बंद केलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

सरांच्या घराकडे जाताना स्कूटरवर मी विचारलं, पोलिसांत जायचं का. अप्पा म्हणाले, तिथला साहेब सरांबरोबर रोज सकाळी फिरायला असतो. आधी बाईला बघू.

सर पडवीत बसून पेपर तपासत होते. या, या, हुक्केरी, अप्पांना म्हणाले. आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं. वहिनी तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या. मला बघून त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, पण तांब्या हातातून हलला नाही.

स्कूटरवर मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. वहिनींना बाजूला घेऊन सांगावं, निरोप ठेवावा, काहीतरी. तिथं उभी राहिल्यावर कळलं की गुपचूप सांगून काही उपयोग नाही. उद्या रविवार होता. सरांनाच कळायला हवं होतं की तिसऱ्या माणसाला माहीत आहे.

“वहिनी,” मी म्हणाले, “तुमचं त्यातलं सगळं माझ्याकडे आहे. फोटो, आवाज, गुरुवारी लिहिलेलंसुद्धा. एकही गेलेलं नाही.”

हे मी ठोकून दिलं होतं. शेवटचे आठ टक्के कुठले गेले ते मी अजून बघितलंच नव्हतं.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. सुटल्याचा भाव त्यांच्या डोळ्यांत नव्हता.

“तू उघडलंस?”

“हो.”

“नाही येत म्हणाली होतीस.”

सरांनी हातातल्या पेपरवर गुण लिहिले, लाल पेनाला टोपण लावलं.

“हुक्केरी,” ते म्हणाले, “पोरीला समजवा. गिऱ्हाइकांचे फोन उघडून बघते असं गावात कळलं तर दुकान चालेल का तुमचं?”

“न्हाई चालणार,” अप्पा म्हणाले.

पण जागचे हलले नाहीत. चप्पल घालून, हात मागं बांधून तसेच उभे राहिले. मग वहिनींना म्हणाले, “तुम्हाला कुठं जायचं असलं तर आत्ता चला. मी सोडतो.”

वहिनी आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. सरांनी पुढचा पेपर ओढला, उघडला, पण तपासला नाही. मला वाटलं, त्या आता येणार नाहीत. दार लावून घेतील आणि आम्ही दोघं तिथंच उभे राहू. त्या आल्या तेव्हा पायात चप्पल होती आणि हातात शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची एक प्लॅस्टिकची पिशवी. सरांसमोरून जाताना त्यांनी अंग चोरलं. सरांनी त्यांना अडवलं नाही. वर बघितलंसुद्धा नाही.

माहेरी भाऊ ठेवून घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. अप्पांनी त्यांना स्कूटरवर बसवून त्याच संध्याकाळी निपाणीला नेलं, नसीम नावाच्या त्यांच्या मैत्रिणीकडे. मी पायी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी सगळ्या फाइली तपासल्या. फोटो आले होते, आवाज बरेचसे आले होते. गुरुवारची नोंद आली नव्हती. ती वाचलेली माणसं आता दोनच होती, ती लिहिणारी आणि मी.

सर म्हणाले होते तसंच झालं. महिन्याभरात बाजारात सगळ्यांच्या तोंडी होतं, हुक्केरीची पोरगी फोन उघडून बघते. बायका यायच्या बंद झाल्या. कुणी भांडायला आलं असतं तर मी काही बोलले असते, पण कुणी भांडायलाही आलं नाही. आणि आलं असतं तरी काय सांगणार होते? बघितलं तर होतंच. पुढं मी कोल्हापूरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी धरली. अप्पांचं घड्याळाचं टेबल तेवढं चालू राहिलं. सरांचं घड्याळ नेणारं कुणी आलं नाही.

वहिनींनी केस केली. दोन वर्षं तारखा पडल्या. माझी एकदा साक्ष झाली. सरांच्या वकिलानं विचारलं, ते ॲप उघडायची परवानगी तुम्हाला कुणी दिली होती? मी म्हणाले, कुणी नाही. विहिरीबद्दल मी बोलले, पण ती नोंद दाखवा म्हटल्यावर दाखवायला काही नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला. समझोता होतोय, सर सोडचिठ्ठी द्यायला तयार आहेत. अट एकच, जे काही आहे ते सगळीकडून पुसायचं आणि तसं लिहून द्यायचं.

“पुसून टाक,” त्या म्हणाल्या.

“सगळं?”

“सगळं. मला सुटायचंय, तेजू.” मग म्हणाल्या, “या वेळी खरंच पूस.”

मी पुसलं. एकही ठेवलं नाही. त्या निपाणीत बालवाडीवर लागल्याचं कळलं. दिवाळीला मी मेसेज पाठवते. त्यांचं उत्तर येत नाही, आणि ते मला समजतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात अप्पांनी फोनवर सांगितलं की चौगुले सरांनी दुसरं लग्न केलं. मुलगी चंदगडकडची, वैजयंता नावाची, वडील नाहीत, पस्तिशीच्या आतली. अप्पांनी एवढं सांगून फोन ठेवला.

जुलैमध्ये मी एक दिवस रजा काढली. कॉलेज सुरू झालं होतं, सर अकरा ते चार तिथं असणार. साडेअकराला मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं ती उंच, सावळी बाई होती. ओला हात पदराला पुसत उभी राहिली. मी माझं नाव सांगितलं आणि दारातच सगळं बोलून टाकलं. कॅलक्युलेटर, फोटो, मळा, विहीर, आणि दाखवायला माझ्याकडे आता काहीही नाही, हेही.

“तुम्ही याल म्हणून सांगितलं होतं त्यांनी,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले.”

मी म्हणाले, असेल. तुम्ही विश्वास ठेवू नका हवं तर. एवढं फक्त ठेवा, आणि पर्समधून माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. तिनं ती घेतली नाही. आधी रस्त्याकडे बघितलं, मग पलीकडच्या घराच्या खिडकीकडे.

“कागद नको,” ती म्हणाली. “फोनमध्येही नको. तोंडी सांगा.”

मी दहा आकडे सांगितले. तिनं ते खालच्या आवाजात एकदा म्हणून दाखवले, एकही न चुकता, आणि दार लावून घेतलं.